आपत्तीनंतरची पुनरुभारणी आणि श्रद्धाधारित सेवासंस्था

भूकंप, चक्रीवादळ, महापूर किंवा त्सुनामी यांसारखी आपत्ती कोसळली की काही दिवस साऱ्या देशाचे लक्ष त्या प्रदेशाकडे वेधले जाते. अन्न, वस्त्रे, औषधे आणि निधी यांचा ओघ सुरू होतो. हळूहळू बातम्या कमी होतात, स्वयंसेवक परततात आणि मदत छावण्या बंद होऊ लागतात. आपद्‌ग्रस्तांचा खरा कसोटीचा काळ मात्र त्यानंतर सुरू होतो. घर, रोजगार, शाळा, शेतजमीन आणि गमावलेला आत्मविश्वास हे सारे पुन्हा मिळवण्यास अनेक वर्षे लागतात. या प्रदीर्घ वाटचालीची मुख्य जबाबदारी शासनाची असली, तरी धर्मश्रद्धेतून प्रेरणा घेणाऱ्या सेवासंस्थांनी आपल्या देशात या कार्याचा मोठा वाटा उचलला आहे. मठ, मिशन, चर्चशी निगडित संस्था, गुरुद्वारे, दर्गे आणि मशिदी अशी त्यांची विविध रूपे आहेत. या संस्था काम कसे करतात, त्यांचे बळ कशात आहे, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि कायद्याने त्यांच्याकडून काय अपेक्षिले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतील नागपट्टिणम जिल्ह्यात आलेला अनुभव मुख्यत्वे आधारास घेतला आहे.

मदत आणि पुनरुभारणी

आपत्तीनंतरच्या कार्याचे स्थूलमानाने तीन टप्पे पडतात. पहिला टप्पा शोध व बचावाचा. तो काही तासांचा किंवा दिवसांचा असतो. दुसरा टप्पा तातडीच्या मदतीचा. त्यात अन्न, पाणी, निवारा आणि वैद्यकीय उपचार यांना प्राधान्य असते. तिसरा टप्पा पुनर्वसन व पुनरुभारणीचा. कायमस्वरूपी घरे, उपजीविका, सार्वजनिक सुविधा आणि मानसिक सावरणे या बाबी त्यात येतात.

पहिल्या दोन टप्प्यांत वेगाला महत्त्व असते, तर तिसऱ्या टप्प्यात चिकाटीला. शिवाय आपत्तीपूर्वी जी स्थिती होती, तीच पुन्हा निर्माण करणे पुरेसे नसते. कच्च्या घरामुळे ज्याचे कुटुंब दगावले, त्याला तसेच घर पुन्हा बांधून देणे म्हणजे पुढील आपत्तीची तयारी करणे होय. २०१५ मध्ये जपानमधील सेंदाई येथे स्वीकारलेल्या, २०१५ ते २०३० या कालावधीसाठीच्या आपत्ती जोखीम न्यूनीकरण आराखड्याने ‘पूर्वीपेक्षा चांगली पुनरुभारणी’ हे तत्त्व आपल्या चार प्राधान्यक्रमांपैकी चौथ्यात समाविष्ट केले, ते याच कारणाने.

आपल्याकडील वित्तीय रचनेत या टप्प्याला स्वतंत्र स्थान मिळण्यास बराच काळ लागला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी आपत्ती जोखीम व्यवस्थापनाच्या निधीची विभागणी सुचवताना ४० टक्के रक्कम प्रतिसाद व मदतीसाठी, ३० टक्के पुनर्वसन व पुनर्बांधणीसाठी, १० टक्के सज्जता व क्षमताबांधणीसाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी ठेवली. त्याआधीच्या दीर्घ काळात ही पोकळी भरून काढण्याचे काम अंशतः स्वयंसेवी, विशेषतः श्रद्धाधारित संस्थांनी केले.

सेवेची परंपरा

आधुनिक भारतातील संघटित श्रद्धाधारित मदतकार्याचा विचार करताना रामकृष्ण मिशनचा उल्लेख प्रथम करावा लागतो. स्वामी विवेकानंदांनी १ मे १८९७ रोजी कलकत्ता येथे या संस्थेची स्थापना केली. त्याच महिन्यात स्वामी अखंडानंद यांनी बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यात, महुला येथे दुष्काळग्रस्तांसाठी मदतकार्य सुरू केले. धान्यवाटप संपल्यावर ते तेथून निघून गेले नाहीत. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांसाठी त्यांनी अनाथाश्रम काढला आणि पुढे त्याच जिल्ह्यातील सारगाछी येथे कायमचा आश्रम उभा राहिला. दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, कलकत्त्यात प्लेगची साथ आली असता मिशनच्या मदत समितीचे काम भगिनी निवेदिता यांनी पाहिले. वस्त्यांची सफाई हा त्या कामाचा मुख्य भाग होता.

पुढे १९१७ मध्ये स्वामी प्रणवानंद यांनी भारत सेवाश्रम संघाची स्थापना केली. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या सेवेतून १९४७ मध्ये प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चेसची ‘कासा’ ही संस्था उदयास आली, तर १९६२ मध्ये कॅथलिक चर्चची ‘कॅरिटास इंडिया’ स्थापन झाली. शीख परंपरेतील लंगर ही संस्था तर शतकानुशतके चालत आलेली आहे. अलीकडे तिने काळानुरूप नवी रूपे धारण केली. कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, गाझियाबादमधील इंदिरापुरमच्या गुरुद्वाराने श्वास घेण्यास त्रास होणाऱ्या रुग्णांसाठी ‘ऑक्सिजन लंगर’ चालवले.

ही उदाहरणे भिन्न धर्मांची आणि भिन्न काळातील असली, तरी त्यांत एक समान सूत्र दिसते. आपत्ती येण्यापूर्वी संस्था त्या भागात किंवा त्या समाजात रुजलेली असते अथवा आपत्तीनंतर ती तेथे रुजते. तात्पुरते वाटप आणि दीर्घकालीन पुनरुभारणी यांतील अंतर अशा संस्थाच कमी करू शकतात.

नागपट्टिणमचा अनुभव

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रा बेटाजवळ समुद्रतळाशी ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून उसळलेल्या लाटा त्याच दिवशी सकाळी भारताच्या पूर्व किनाऱ्यावर आदळल्या. तमिळनाडूत सुमारे आठ हजार लोक मृत्युमुखी पडले आणि त्यांपैकी सहा हजारांहून अधिक एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यातील होते. नाताळनंतरचा तो रविवार असल्याने वेलंकन्नी येथील प्रसिद्ध मातेच्या यात्रेसाठी आलेले अनेक भाविकही समुद्रकिनाऱ्यावर लाटांच्या तडाख्यात सापडले.

या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वेलंकन्नीचे कॅथलिक तीर्थक्षेत्र, नागूरचा सूफी संत शाहुल हमीद यांचा दर्गा आणि अनेक हिंदू देवालये आहेत. नागूरच्या दर्ग्याच्या पाच मनोऱ्यांपैकी सर्वांत उंच मनोरा तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह यांनी अठराव्या शतकात बांधला, अशी नोंद आहे. आपत्तीच्या दिवशी जिल्ह्यातील प्रार्थनास्थळे, त्यांची सभागृहे आणि मंगल कार्यालये हीच बेघरांची पहिली आश्रयस्थाने ठरली. प्रशासनाची यंत्रणा सावरण्यापूर्वी छप्पर, पिण्याचे पाणी, मोठी स्वयंपाकघरे आणि काम करणारे हात या चार गोष्टी एकत्र उपलब्ध असलेली तीच ठिकाणे होती.

त्यानंतरच्या काही दिवसांत शेकडो संस्था जिल्ह्यात दाखल झाल्या आणि अडचणी वेगळ्याच स्वरूपात पुढे आल्या. सदिच्छेने पाठवलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. रस्त्यालगतच्या गावांना दुप्पट-तिप्पट मदत मिळाली, तर आतील वस्त्यांपर्यंत फारसे कोणी पोहोचले नाही. या गोंधळावर उपाय म्हणून २००५ च्या जानेवारीच्या आरंभीच जिल्हा प्रशासनाच्या सहकार्याने स्वयंसेवी संस्था समन्वय केंद्र स्थापन झाले. मच्छीमार सहकारी संस्थांचा दक्षिण भारतीय महासंघ आणि ‘स्नेहा’ या त्या भागात पूर्वीपासून काम करणाऱ्या दोन संस्थांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. कोणत्या गावाला काय हवे, कोणती संस्था कोठे काम करते आणि कोठे कोणीच पोहोचलेले नाही, याची माहिती या केंद्रात एकत्र होऊ लागली. निवारा, आरोग्य, उपजीविका, मुले अशा विषयांनुसार जबाबदाऱ्या वाटल्या गेल्या. चर्चप्रणीत, मठप्रणीत आणि धर्माशी संबंध नसलेल्या संस्था एकाच आराखड्याखाली आल्या.

कायमस्वरूपी घरांच्या बाबतीत तमिळनाडू शासनाने सार्वजनिक-खाजगी भागीदारीचे धोरण स्वीकारले. जागा शासनाने द्यावयाची आणि घरे ठरावीक तांत्रिक निकषांनुसार संस्थांनी बांधावयाची, असा करार जिल्हाधिकाऱ्यांशी होत असे. घरे पती-पत्नीच्या संयुक्त नावे देण्याची तरतूद हे या धोरणाचे उल्लेखनीय वैशिष्ट्य होय. अनेक श्रद्धाधारित संस्थांनी अशा वस्त्या बांधून दिल्या.

केरळमधील कोल्लम जिल्ह्यातील आलप्पाड या चिंचोळ्या भूपट्टीवर माता अमृतानंदमयी मठाचे मुख्यालय आहे. त्सुनामीची लाट या मठाच्या परिसरातही शिरली होती. म्हणजे संस्था स्वतःच आपद्‌ग्रस्त होती. या मठाने त्सुनामीनंतर विविध ठिकाणी सुमारे ६,२०० घरे बांधली. तसेच भूपट्टीवरील लोकांना संकटसमयी मुख्य भूमीकडे त्वरेने जाता यावे म्हणून २००६ मध्ये पादचारी पूल उभारला. घराबरोबर सुटकेचा मार्ग बांधणे हे ‘पूर्वीपेक्षा चांगल्या पुनरुभारणी’चे बोलके उदाहरण आहे.

जे निसटून गेले

नागपट्टिणमचा अनुभव यशाइतकाच उणिवांसाठीही अभ्यासण्यासारखा आहे. त्सुनामी म्हणजे मच्छीमारांवरील संकट असे चित्र निर्माण झाल्याने बहुतेक संस्था होड्या देण्यासाठी पुढे सरसावल्या. ओंडके बांधून केलेल्या पारंपरिक कट्टुमरमच्या जागी फायबरच्या होड्या आल्या. काही ठिकाणी नष्ट झालेल्या होड्यांपेक्षा अधिक होड्या वाटल्या गेल्या. पूर्वी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाणारे स्वतः मालक झाले, तेव्हा खलाशांचा तुटवडा पडला आणि किनाऱ्यालगतच्या मासळीवरील ताणही वाढला. देणगीदाराला छायाचित्रात दाखवता येईल अशी वस्तू म्हणजे होडी. समाजाची गरज मात्र त्याहून गुंतागुंतीची होती.

दुसरीकडे, खारे पाणी शिरून शेती नापीक झालेल्या गावांकडे उशिरा लक्ष गेले. जिप्सम टाकणे, गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे, धैंचासारखे हिरवळीचे खत गाडणे या उपायांनी जमीन पुन्हा लागवडीखाली आणता आली. परंतु त्या शेतावर मजुरी करणाऱ्या भूमिहीन कुटुंबांचे, ज्यांत दलितांचे प्रमाण मोठे होते, नुकसान कोणत्याच यादीत नीट बसत नव्हते. त्यांची होडी बुडाली नव्हती आणि त्यांच्या नावे जमीनही नव्हती. अनेक ठिकाणी मदतीचे वाटप मच्छीमारांच्या पारंपरिक गावपंचायतींमार्फत झाले. त्यामुळे वेग आला हे खरे. तथापि पंचायतीच्या सदस्यत्वात गणना नसलेल्या एकट्या स्त्रिया व दलित कुटुंबे वंचित राहिल्याच्या तक्रारीही नोंदल्या गेल्या.

यातून निघणारा निष्कर्ष श्रद्धाधारित संस्थांना विशेषत्वाने लागू पडतो. ज्या संस्थेचे समाजात मूळ आहे, तिला समाजाचा विश्वास आपोआप मिळतो. त्याचबरोबर त्या समाजातील उच्चनीचतेच्या रेषाही तिच्या कामात नकळत उमटण्याचा धोका असतो. म्हणून केवळ स्थानिक असणे पुरेसे नाही. स्थानिक समाजात मागे कोण राहिले, हे जाणीवपूर्वक शोधावे लागते.

श्रद्धाधारित संस्थांचे बळ

या मर्यादा लक्षात घेऊनही अशा संस्थांची काही बलस्थाने मान्य करावी लागतात. पहिले म्हणजे त्यांचे स्थायित्व. प्रकल्पाचा निधी संपला की बाहेरची संस्था निघून जाते, परंतु आश्रम, चर्च किंवा गुरुद्वारा तेथेच राहतो. दुसरे म्हणजे सज्ज मनुष्यबळ. सामूहिक भोजन, उत्सव आणि यात्रा यांचे व्यवस्थापन वर्षानुवर्षे केल्याने हजारोंच्या जेवणाची सोय करणे या संस्थांना नवे नसते. तिसरे म्हणजे त्यांच्या वास्तू. बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर अशा काही संस्थांनी चक्रीवादळ निवारे बांधले. एरवी त्यांचा वापर शाळा किंवा समाजमंदिर म्हणून होतो आणि वादळाच्या वेळी तेथे गाव आश्रय घेते. रोजच्या वापरामुळे अशा इमारतीची देखभालही होत राहते.

चौथे बळ शोकाशी संबंधित आहे. सामूहिक मृत्यूच्या प्रसंगी अनेक कुटुंबांना आप्ताचे शवही मिळत नाही. मृतदेहांमुळे रोगराई पसरेल या भीतीने घाईघाईने सामूहिक दफन केले जाते. वस्तुतः नैसर्गिक आपत्तीतील मृतदेहांमुळे सहसा साथी पसरत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. ओळख पटवणे, नोंद ठेवणे आणि त्या त्या परंपरेनुसार अंत्यविधी करणे यांना म्हणूनच महत्त्व आहे. प्रमाणपत्राअभावी वारसांचे हक्क अडतात आणि विधीअभावी मन अडकून राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कवळप्पारा येथे दरड कोसळली, तेव्हा जवळच्या पोत्तुकल येथील मशिदीने आपले प्रार्थनागृह शवविच्छेदनासाठी खुले केले. मृतांचा धर्म तेथे विचारला गेला नाही.

दीर्घकाळ साथ देण्याचे एक उदाहरण महाराष्ट्रातील आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटना या समाजाधारित संस्थेने सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची व निवासाची जबाबदारी घेतली. शाळेत घातलेल्या मुलाचे शिक्षण पुरे होईपर्यंत ही जबाबदारी संपत नाही. त्याच भूकंपानंतर विविध दात्यांच्या साह्याने अनेक गावे नव्या जागी वसवण्यात आली. मात्र शहरी पद्धतीच्या सरळ रेषेतील आखणीत जुन्या गावातील शेजार, गोठा आणि अंगण यांना पुरेसा वाव राहिला नाही. गुजरातमध्ये २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर शासनाने घरमालकालाच टप्प्याटप्प्याने अर्थसाह्य, तांत्रिक मार्गदर्शन आणि प्रशिक्षित गवंडी उपलब्ध करून देण्यावर भर दिला. घर ‘देण्या’पेक्षा घर बांधण्यास साह्य करणे अधिक टिकाऊ ठरते, हा या दोन अनुभवांतील फरक आहे.

कायदा आणि आचारसंहिता

त्सुनामीनंतर वर्षभरातच संसदेने आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ संमत केला. त्यातील दोन तरतुदी प्रस्तुत विषयासाठी महत्त्वाच्या आहेत. कलम ३० अन्वये जिल्हा प्राधिकरणाने तळागाळात काम करणाऱ्या स्वयंसेवी व समाजकल्याण संस्थांच्या सहभागास उत्तेजन द्यावयाचे आहे. कलम ६१ अन्वये आपद्‌ग्रस्तांना भरपाई व मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश अथवा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये स्वयंसेवी संस्थांच्या भूमिकेविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली.

आंतरराष्ट्रीय स्तरावर १९९४ ची रेडक्रॉस व स्वयंसेवी संस्थांची आचारसंहिता मार्गदर्शक मानली जाते. मदतीचा प्राधान्यक्रम केवळ गरजेवरून ठरावा आणि विशिष्ट राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी मदतीचा उपयोग करू नये, ही तिच्या दहा तत्त्वांपैकी दोन तत्त्वे होत. ही संहिता तयार करणाऱ्यांत कॅरिटासची आंतरराष्ट्रीय संघटना, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या धार्मिक संघटनांचाही सहभाग होता, ही बाब लक्षणीय आहे. संकटात सापडलेल्या माणसाला खरी निवड करण्याचे स्वातंत्र्य नसते. म्हणून अन्न किंवा घर यांच्या बदल्यात श्रद्धेची अपेक्षा करणे नैतिकदृष्ट्या गैर ठरते, हे या संघटनांनी स्वतःच मान्य केले.

निधीच्या संदर्भात विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने मिळवलेला विदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास प्रतिबंध केला. पारदर्शकता हा या बदलांमागील हेतू सांगितला गेला. मात्र मोठ्या संस्थेकडून गावपातळीवरील लहान संस्थेकडे निधी जाण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला, असा स्वयंसेवी क्षेत्राचा आक्षेप आहे. देशांतर्गत देणग्यांबाबत १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०-जी मध्ये, करसवलत मिळवू इच्छिणारी संस्था एखाद्या विशिष्ट धार्मिक समुदायाच्या वा जातीच्या लाभासाठीच नसावी, अशी अट घालण्यात आली होती. प्रेरणा धार्मिक असली तरी सेवेचे क्षेत्र सर्वांसाठी खुले असावे, हाच या साऱ्या तरतुदींचा आशय आहे.

समारोप

श्रद्धाधारित संस्था शासनाची जागा घेऊ शकत नाहीत आणि तशी अपेक्षाही असू नये. जमीन, हक्क, भरपाई आणि सुरक्षित बांधकामाचे निकष हे शासनाचेच विषय आहेत. परंतु शासकीय आदेश आणि उद्ध्वस्त कुटुंब यांच्यामधील अंतर भरून काढण्याचे सामर्थ्य या संस्थांत आहे. त्यासाठी काही गोष्टी आवश्यक ठरतात. प्रत्येक जिल्ह्यात आपत्तीपूर्वीच अशा संस्था, त्यांच्या वास्तू व मनुष्यबळ यांची नोंद जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात असावी. समन्वयाचे केंद्र आपत्तीनंतर घाईने उभारण्याऐवजी कायम कार्यरत असावे. लाभार्थ्यांच्या याद्या ग्रामसभेत वाचल्या जाव्यात आणि ज्यांची नावे सुटली त्यांना तक्रारीचा सोपा मार्ग मिळावा. झालेल्या कामाचा हिशेब देणगीदारांबरोबर आपद्‌ग्रस्तांसमोरही मांडला जावा.

संस्थेच्या पुनरुभारणी कार्याचे मूल्यमापन करताना किती घरे बांधली, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. त्या घरांत कोण राहावयास गेले, कोण बाहेर राहिले आणि पुढील वादळात ती माणसे अधिक सुरक्षित असतील काय, हेही विचारावयास हवे. या तीन प्रश्नांची उत्तरे देण्याची तयारी ज्या संस्थेत असेल, तिची श्रद्धा कोणतीही असो, तिचे कार्य राष्ट्रीय विकासाच्या प्रयत्नांना पूरकच ठरेल.